नळ नसलेला किनारा

समुद्र मला विशेष आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे सूर्यास्त, लाटांचं संगीत वगैरेंची वाट पाहणाऱ्यांचा वेळ वाया जाणार नाही. माझ्या लेखी समुद्र म्हणजे पाणीखात्याच्या ताब्यात नसलेलं पाणी. तरीही मी त्या जंगलाआडच्या किनाऱ्यावर गेलो, आणि का गेलो याबद्दल आमच्या इमारतीत आणि कचेरीत ज्या कथा फिरताहेत त्या सगळ्या खोट्या आहेत. मी संन्यास घ्यायला गेलो नव्हतो. बायकोशी भांडून गेलो नव्हतो. बायको बरोबर होती. खेकडे मोजणं हा तर माझा छंद मुळीच नाही. मी गेलो, कारण तिथे मला कोणी बोलावू शकणार नव्हतं. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही.

मी पाणीखात्यात नकाशाघर सांभाळतो. शहराच्या पोटातून जेवढे नळ गेलेत त्या सगळ्यांचे नकाशे माझ्या ताब्यात आहेत. सव्वीस कपाटं, चार हजार शंभर कागद. नळ फुटला की पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह कुठल्या रस्त्याखाली आहे ते नकाशात पाहावं लागतं, आणि नकाशा कुठे आहे ते मला विचारावं लागतं. वास्तविक प्रत्येक कपाटाच्या दारावर आत काय आहे याची यादी मी स्वतः, सुवाच्य अक्षरात लावलेली आहे. पण लिहिलेलं वाचण्यापेक्षा जिवंत माणसाला विचारावं अशी आमच्या खात्याची पद्धत आहे. माणूस जिवंत असेपर्यंत पद्धत उत्तम चालते.

अडचण होते ती माणूस रजेवर गेला की. आमच्या रजेच्या अर्जात 'रजेच्या काळातला पत्ता' असा एक रकाना आहे. हा रकाना सगळीकडेच असतो म्हणा. पण इतरत्र तो नुसता भरायचा असतो. आमच्याकडे त्या पत्त्यावर शिपाई येतो. मेहुण्याच्या लग्नात सगळे फोटोला उभे राहिले असताना तो आला. त्या फोटोत नवरा-नवरीच्या मागे मी अर्धा आहे आणि माझ्या खांद्यावर एक पंजा आहे. सासुरवाडीची मंडळी आजही पाहुण्यांना फोटो दाखवताना "हे आमचे जावई आणि हा त्यांच्या कचेरीचा हात" असं सांगतात. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्याच दिवशी तो दवाखान्यात आला. त्याने माझ्या पोटावर नकाशा पसरला आणि मी भुलीतच बोट ठेवलं. बोट बरोबर ठेवलं होतं, याचं खात्यात अजून कौतुक होतं. टाके कसे आहेत हे मात्र कोणी विचारलं नाही. पुढे मोबाइल आले, तेव्हा शिपायाचे पाय वाचले. माझं काही वाचलं नाही.

अठरा वर्षं हे चाललं. मग एका दुपारी सव्विसाव्या कपाटातल्या शेवटच्या कप्प्यात मला एक कागद सापडला. शहराच्या हद्दीबाहेरचा, किनारपट्टीचा. वर, खाली आणि उजवीकडे झाडांच्या खुणा इतक्या दाट की काढणाऱ्याचा हात दुखला असणार, आणि त्या झाडांच्या मध्ये नखाएवढी पांढरी वाळू. तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'येथे नळ नाही.'

मी तो कागद किती वेळ धरून बसलो होतो कोण जाणे. जिथे नळ नाही तिथे नळ फुटत नाही. जिथे नळ फुटत नाही तिथे मी लागत नाही. मोबाइलच्या दुकानदाराला ती जागा दाखवली. त्याने त्याच्या नकाशात पाहिलं आणि हळहळत म्हणाला, "काका, तिथे आमचीच काय, कोणाचीच रेंज नाही." मी त्याचे मनापासून आभार मानले, तेव्हा तो जरा मागे सरकला.

माझं घोडं पहिल्यांदा अडलं ते हेडक्लार्कच्या टेबलापाशी. हा माणूस वाईट नाही. फक्त रिकामा रकाना दिसला की त्याला धाप लागते. त्याने माझा एका दिवसाच्या रजेचा अर्ज दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

"पत्ता अपुरा आहे."

"समुद्रकिनारा असं स्पष्ट लिहिलंय."

"घर क्रमांक?"

"घर नाही तिथे."

"रस्ता?"

"रस्ताही नाही."

"मग जाणार कसे?"

"चालत."

"चालणार कशावरून, रस्ता नाही तर?" एवढं बोलून तो खुर्चीत मागे टेकला. वादात आपण जिंकलो की तो असाच टेकतो. "हे बघा, माझं वैयक्तिक काही नाही. पण उद्या मोठ्या टाकीचा नळ फुटला तर शिपाई कुठे पाठवू? समुद्राकडे तोंड करून हाका मारायला सांगू का त्याला?"

माझ्या मनात आलं, सांगा. पण मी सुशिक्षित माणूस आहे. मी म्हणालो, "तुम्हीच मार्ग सुचवा."

त्याने सुचवला. ती जागा जंगलात, म्हणजे वनखात्याच्या हद्दीत. तेव्हा वनखात्याची परवानगी आणावी, म्हणजे निदान तुम्ही कोणाच्या तरी ताब्यात आहात असं कागदावर दिसेल. मी त्या जागेवर 'ताब्यात' या शब्दापासून सुटायला चाललो होतो. पण म्हटलं, एवढं तर एवढं.

दरम्यान इमारतीत बातमी पसरली होती. आमच्या वरच्या मजल्यावर दातांचे एक डॉक्टर राहतात. दवाखाना बंद करून त्यांना पाच वर्षं झाली, पण एक सवय राहिलीय. ते प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत, कारण आयुष्यभर त्यांनी ज्यांना प्रश्न विचारले त्यांच्या तोंडात काही ना काही कोंबलेलं होतं. जिन्यात मला गाठून म्हणाले, "काय, जंगलात निघालात म्हणे? जळवांचं काय करणार? मोजे लांब आहेत का? तपकीर लावता की मीठ? आणि एकटेच? छान, छान." माझं तोंड रिकामं होतं तरी मला एक शब्द बोलता आला नाही. संध्याकाळी त्यांनी मिठाची एक पुरचुंडी आणि गुडघ्यापर्यंत येणारे मोजे खाली पाठवले. मोजे त्यांचेच होते. एकावर हिरड्यांच्या निगेची जाहिरात होती.

मेहुणा विमा विकतो. लग्नातल्या फोटोत मला अर्ध्यावर उचलून नेलं याचा राग त्याने अजून धरलाय, आणि तो माझ्यावर धरलाय, खात्यावर नाही. "भावजी," तो म्हणाला, "निर्जन किनारा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही. साप. विंचू. भरती. वरून नारळ पडतो, त्याची वेगळी आकडेवारी आहे आमच्याकडे. तुम्ही घरीच का नाही बसत फोन बंद करून?"

"फोन बंद केला की शिपाई येतो."

"मग दार उघडू नका."

"मागच्या वेळी तो खिडकीशी उभा राहिला होता," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "दीड तास. शेवटी मीच चहा दिला. बिचारा."

बायकोचं एकूण मत काय होतं हे तेव्हा मला कळलं नव्हतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "अहो, तिथे जाऊन करणार काय?" मी म्हणालो, "काही नाही." ती म्हणाली, "ते तुम्हाला जमेल?" मला तो प्रश्न लागला. इतका लागला की मी दुसऱ्याच दिवशी वनखात्यात जाऊन उभा राहिलो.

तिथल्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला आणि मी भरायला घेताच विचारलं, "हेतू?"

"काही नाही."

"'काही नाही'ला परवानगी मिळत नाही. मागे छापलेत त्यातला एक निवडा."

मागे चार हेतू छापले होते: अभ्यास, चित्रीकरण, सर्वेक्षण, गणना. माणसाने जंगलात जाण्याची याव्यतिरिक्त कारणं खात्याला माहीत नव्हती. अभ्यासाला विद्यापीठाचं पत्र लागत होतं. चित्रीकरणाला कॅमेरा. सर्वेक्षणाला आमच्याच खात्याचं पत्र, म्हणजे पुन्हा हेडक्लार्क. उरली गणना.

"कशाची गणना?" बाईंनी पेन उचललं.

खिडकीच्या आत एका खोक्यावर खेकड्याचं चित्र होतं. माणूस संकटात समोर दिसेल त्याचा आधार घेतो. मी म्हणालो, "खेकड्यांची."

"बरं. पाच जणांची नावं द्या."

"मी एकटाच आहे."

"किमान पाच लागतात. नियम आहे."

"पाचच का?"

बाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "एकाला काही झालं तर उचलायला चार लागतात."

इतका विचारी नियम मी सरकारी नोकरीत दुसरा पाहिला नाही. आता या ठिकाणी एखाद्याने हात टेकले असते. माणसांपासून दूर जाण्यासाठी बरोबर चार माणसं न्यायची, यातला विनोद मला दिसत नव्हता असं समजू नका. दिसत होता. पण 'ते तुम्हाला जमेल?' हे वाक्य माझ्या कानात बसलं होतं, आणि मी फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

चार माणसं गोळा करायला मला काहीच करावं लागलं नाही, हे या प्रकरणातलं सर्वांत दुःखद सत्य आहे. बायको म्हणाली, "मी येते. तुम्ही काही करत नसलेले मला बघायचेत." मेहुणा म्हणाला की ताई येणार असेल तर त्याला जबाबदारी म्हणून यावंच लागेल. दातांच्या डॉक्टरांनी "मला कशाला नेताय? कधी निघायचं? टोपी घेऊ?" असे तीन प्रश्न विचारले आणि टोपी घेतली.

पाचवा हेडक्लार्क. त्याचं असं झालं की वनखात्याचा कागद पाहूनही त्याची धाप थांबेना. परवानगी होती, पण पत्ता अजूनही नव्हता. दोन दिवस तो विचारात होता. तिसऱ्या दिवशी चेहरा उजळून आला. "सापडलं. मीच येतो बरोबर. तुमच्या रकान्यात 'मार्फत हेडक्लार्क' असं लिहू. मी म्हणजे तुमचा पत्ता."

"आणि तुमच्या रजेच्या अर्जात पत्ता कोणता?"

त्याने थोडाही न अडखळता लिहिलं, "मार्फत नकाशाघर प्रमुख." म्हणजे मी. दोन माणसं एकमेकांच्या मार्फत, आणि दोघेही समुद्रावर. साहेबांनी दोन्ही अर्जांवर सही केली, कारण दोन्हींत एकही रकाना रिकामा नव्हता.

ठरलेल्या सकाळी आम्ही जंगलाच्या फाटकाशी उभे होतो. वनरक्षक म्हणून एक काटकुळा, मिशाळ गृहस्थ आला. त्याने आम्हाला बोटाने मोजलं, वहीत पाच लिहिले आणि सांगितलं, "पाच आत, पाच बाहेर. चार मी बाहेर सोडत नाही. आणि खेकड्यांचा आकडा दिल्याशिवाय परतीची सही नाही."

"खेकड्यांचा?" बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"सांगतो नंतर," मी म्हणालो. वनरक्षक वही काखेत मारून आमच्या पुढे चालू लागला.

त्या जंगलाबद्दल मी फार लिहिणार नाही. झाडं होती. नकाशात दाखवली होती त्यापेक्षा जास्त होती, आणि एकमेकांत इतकी गुंतली होती की कुठल्या झाडाचं खोड आणि कुठल्याचं पान, याची यादी करायला माझ्यासारखा माणूस लागला असता. वेली डोक्याला लागत होत्या, मुळं पायाला. हवा अशी की ओला टॉवेल तोंडावर धरून कोणी 'घ्या श्वास' म्हणावं. हेडक्लार्क कचेरीतले चकचकीत बूट घालून आला होता. पहिल्या दलदलीने त्यातला एक ठेवून घेतला. त्याने पावती मागावी तसं चिखलाकडे पाहिलं. मेहुणा दर वळणावर थांबून इथे काय काय होऊ शकतं ते सांगत होता. डॉक्टरांना एकही जळू लागली नाही. मला सात लागल्या, आणि मिठाची पुरचुंडी मी घरी विसरलो होतो. "मीठ कुठाय? आणलं नाहीत? का नाही आणलंत?" ते विचारत राहिले. जळवा निदान गप्प होत्या.

दीड तासाने झाडं एकदम संपली आणि समोर ती नखाएवढी वाळू आली. प्रत्यक्षात ती आमच्या कचेरीच्या आवाराएवढी होती. तीन बाजूंनी हिरवी भिंत, पुढे पाणी. ना टपरी, ना बाकडं, ना पाटी. मी खिशातून फोन काढून पाहिला. रेंजच्या जागी फुली होती. इतकी सुंदर फुली मी शाळेतही कधी पाहिली नव्हती. फोन बंद करायची सुद्धा गरज नव्हती. मी तो तसाच खिशात टाकला, हातरुमाल अंथरला आणि बसलो.

"किती वाजता सुरुवात करायची?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशाला?"

"मोजायला. पद्धत काय ठेवायची? चौकोन आखू या का? पुन्हा तोच खेकडा आला तर? खूण कशाने करायची?"

मी म्हणालो, अंदाजे एक आकडा देऊन टाकू. वनरक्षकाने मान हलवली. "मी इथेच उभा आहे साहेब. अंदाजे चालत नाही."

त्यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार नाही. निवृत्त माणसाला काम मिळालं की तो तरुण होतो. डॉक्टरांनी काठीने वाळूवर चार भाग पाडले आणि माणशी एक वाटून दिला. मेहुण्याने लगेच विचारलं, कमीत कमी किती अपेक्षित आहेत. त्याच्या धंद्यात आकडा आधी ठरतो. हेडक्लार्कने एका बुटावर उभं राहून वहीत रकाने आखले: क्रमांक, आकार, कुठल्या बिळात गेला, शेरा. दहा मिनिटांत त्या निर्जन किनाऱ्यावर आमची कचेरी उभी राहिली. आणि अकराव्या मिनिटाला हाक आली, "अहो नकाशावाले, हा भाग दोन कुठपर्यंत धरायचा? तुम्ही सांगा, तुम्हाला कळतं यातलं!"

अठरा वर्षं आणि दीड तास चालून मी जिथे आलो होतो तिथेही मीच विचारायचा माणूस होतो. मी रुमाल उचलला. उत्तर दिलं नाही. चालायला लागलो.

वाळूच्या टोकाशी काळे खडक पाण्यात शिरले होते, आणि त्यांच्या पुढे थोड्या अंतरावर एक मोठा खडक एकटा उभा होता. माथ्यावर गवत, एक झुडूपही. मधली वाळू कोरडी होती. मी तिथे पोचलो, चढलो, पलीकडच्या बाजूला, म्हणजे कोणाला दिसणार नाही असा बसलो. हाका आल्या. मी ओ दिली नाही. मग हाका कमी झाल्या, मग फक्त पाणी. आणि मी खरोखर काहीही करत नव्हतो. साधारण वीस मिनिटं. सुरुवातीला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. मग तेही सुटतं.

मागे कोणीतरी पाण्यातून येत असल्याचा आवाज आला, म्हणून वळून पाहिलं. मघाची कोरडी वाळू कुठेच नव्हती. भरती चढली होती, आणि बायको दोन्ही हातांनी साडी धरून गुडघाभर पाण्यातून येत होती. वर चढली, धापा टाकत उभी राहिली. मी बोलणी खायला मान खाली घातली.

"एकशे बारा झाले," ती म्हणाली. "त्यातले निम्मे माझा भाऊ दोनदा मोजतोय. सरका."

मी सरकलो. ती बसली.

किनाऱ्यावर शिट्टी वाजली. वनरक्षक तोंडाशी हात धरून ओरडत होता. पाणी वाढतंय, आता उतरू नका, दोन तास तिथेच थांबा, माथ्यापर्यंत पाणी येत नाही. मग आम्हाला ऐकू येईल अशाच आवाजात तो इतरांना म्हणाला, "बसा आता. पाचाशिवाय मी कोणाला सोडत नाही." मेहुण्याने दोन्ही हात वर केले. "भावजी! मी म्हणालो होतो ना, भरती!" डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, पण ते वाऱ्याने नेलं. वाऱ्याचे उपकार आहेत.

आणि त्या क्षणी, जिथे कोणाचीच रेंज नव्हती तिथे, माझा खिसा वाजला.

नंतर वनरक्षकाने सांगितलं की सबंध पट्ट्यात रेंज मिळते ती त्याच एका खडकावर. त्याला बायकोला फोन करायचा असला की तोही ओहोटीत तिथेच जातो. ही माहिती वनखात्याच्या फॉर्मवर कुठेही छापलेली नाही. छापावी अशी माझी सूचना आहे.

साहेब होते. "कुठे आहात तुम्ही? मोठ्या टाकीचा नळ फुटलाय, रस्त्यावर नदी झालीय! व्हॉल्व्हचा नकाशा कुठाय? हेडक्लार्क फोन उचलत नाही, त्याच्या अर्जावर पत्ता पाहिला तर तुमचं नाव! तुमचा पाहिला तर त्याचं!"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. सतरावं कपाट, तिसरा कप्पा, डावीकडून चौथी गुंडाळी. भुलीत सुद्धा ज्याने बोट बरोबर ठेवलं त्याला यात काय अवघड? तोंड उघडलं, आणि बायको माझ्याकडे पाहत होती. ती रागावलेली नव्हती. ती नुसती बघायला आली होती, मी काही करत नसलेला.

मी म्हणालो, "साहेब, कपाटांच्या दारांवर याद्या लावलेल्या आहेत."

"कसल्या याद्या?"

"आत काय आहे त्याच्या. अठरा वर्षांपासून आहेत. वाचा."

"वाचा म्हणजे? अहो, तुम्ही सांगा ना पटकन!"

"मी रजेवर आहे. वाचा साहेब." आणि मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या आधी ठेवला.

पाणी खडकाच्या कमरेपर्यंत आलं होतं.

आता खरी गोष्ट सांगतो, जी इमारतीत कोणाला माहीत नाही. साहेब पुन्हा फोन करतील अशी माझी खात्री होती. मी दुसरं उत्तर तयार केलं होतं, पहिल्यापेक्षा कडक. फोन हातात धरून बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. फोन वाजेना. रेंज आहे का पाहिली, होती, पुरेपूर. मग वाटायला लागलं, यादी निघून पडली असेल का? सतराव्या कपाटाचं दार अडकतं, खालून लाथ मारावी लागते, हे कोणाला माहीत असणार? आणि यादीतलं माझं अक्षर सुवाच्य आहे असं मीच म्हणतो, दुसऱ्या कोणी कधी ते वाचलेलंच नाही. रस्त्यावर नदी झालेली असेल. लोक माझं नाव घेत असतील. घ्यायला हवं होतं, निदान.

"किती वेळा बघाल?" बायको म्हणाली.

"वेळ पाहत होतो."

"लावा ना तुम्हीच. सांगून टाका. नाहीतरी जीव तिकडेच आहे."

तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिने अगदी साधेपणाने सांगितलं. आजारी माणसाला 'घ्या औषध' म्हणावं तसं. मी नंबर काढला. अंगठा त्यावर ठेवला. आणि सांगतो, जळवा, दलदल, हेडक्लार्क, पाच माणसं, चार हेतू, या सगळ्यांपुढे जो मी वाकलो नव्हतो तो त्या एका अंगठ्यापुढे जवळजवळ वाकलो.

मी फोन बायकोकडे दिला. तिने तो घेतला, सँडलमध्ये कोंबला आणि सँडल पलीकडे ठेवलं.

बऱ्याच वेळाने सँडल एकदा वाजलं. तिने वाचून दाखवलं. साहेबांचा संदेश, एका शब्दाचा. "मिळाला."

"मिळाला?" मी म्हणालो.

"मिळाला."

"बाकी काही नाही? आभार वगैरे?"

"एवढंच आहे."

अठरा वर्षांत ज्या कपाटाला माझ्याशिवाय हात लागला नव्हता ते त्यांनी अर्ध्या तासात उघडलं, वाचलं, नकाशा काढला, नळ बंद केला. माझ्यावाचून कोणाचंही काही अडलं नव्हतं. मला हेच हवं होतं. याच्यासाठीच मी आलो होतो. तरी मी बायकोला तो एक शब्द पुन्हा वाचायला सांगितला.

"वाईट वाटलं?" बायकोने विचारलं.

"वाटलं."

"वाटू दे," ती म्हणाली, आणि समुद्राकडे पाहायला लागली. मीही पाहायला लागलो. त्यात पाहण्यासारखं फार काही नाही, पण मोठा आहे. एकही व्हॉल्व्ह नाही.

पाणी उतरलं केव्हा, ते आम्हाला कळलं नाही. मधली वाळू पुन्हा दिसायला लागली होती, ओली आणि चकचकीत, आणि तिच्यावर कोणीही न मोजलेले शेकडो खेकडे बाहेर आले होते. किनाऱ्यावर शिट्टी झाली. वनरक्षक हाताने 'या' म्हणत होता. हेडक्लार्क एका बुटावर, वही उंच धरून ओरडत होता, "पाण्यात कोणी पडलं नाही ना? शेरा लिहायचाय!" मेहुणा म्हणाला, "ताई! भावजी! चला, उतरलं पाणी!" डॉक्टरांनी विचारलं, "येताय ना? की नाही येत? काय करताय काय तिथे?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने पाय आणखी लांब केले.

मीही केले.